इम्प्लांट आणि जबड्याचं हाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दात गेल्यावर लोक जे प्रश्न लिहून पाठवतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. बहुतेकांचं सगळं लक्ष हाडात बसवायच्या स्क्रूकडे, म्हणजे इम्प्लांटकडे असतं : कोणत्या कंपनीचा, कोणत्या धातूचा. मला विचाराल, तर चौकशी आधी हाडाची करा. हाड जिवंत असतं, ते आपल्या गतीने भरतं, आणि इम्प्लांटचं पुढचं आयुष्य त्याच्यावर ठरतं. हे मनात ठेवून वाचलंत तर पुढची बरीच उत्तरं सोपी वाटतील. एका प्रश्नाचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. इम्प्लांट म्हणजे नेमकं काय? अख्खा दातच हाडात बसवतात का?

नाही. त्याचे तीन भाग असतात. हाडात जातो तो आटे असलेला छोटा खुंट, साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब. खरा इम्प्लांट एवढाच. त्यावर हिरडीतून वर येणारा जोड बसतो, त्याला ॲबटमेंट म्हणतात. आणि सगळ्यात वर दिसणारा, चावायच्या कामाचा दात, म्हणजे कॅप. हे तीन भाग वेगळे आहेत हे लक्षात असू द्या. पुढे काही बिघडलं, तर कोणता भाग बिघडला यावर सगळं अवलंबून असतं (प्रश्न २२).

२. हाड धातूला धरतं कसं? शरीर ती वस्तू बाहेर ढकलत नाही का?

टायटॅनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. शरीराचा संबंध येतो तो या थराशी, आणि शरीर त्याला परका मानत नाही. हाडाच्या पेशी त्याच्या पृष्ठभागावर थेट नवं हाड घालतात. हा शोध ठरवून लागलेला नाही. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची उपकरणं प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ती निघेनात; हाडाने ती पक्की धरली होती. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. तो रुग्ण २००६ मध्ये गेला, तोवर ते इम्प्लांट काम देत होते.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवतो. आपला मूळचा दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते. त्या गादीमुळे दात किंचित दबतो, चावताना खडा आला तर लगेच कळतं, आणि तारा लावून दात सरकवताही येतो. इम्प्लांटला ही गादी नाही. खाली जे अपवाद येतील, त्यातले बरेचसे या एका फरकातून निघतात.

३. ब्रिज आणि कवळी असताना इम्प्लांटच कशाला?

इम्प्लांटच हवा असं काही नाही. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवून बसवलेला पक्का दात; तो बसवायला शेजारचे दोन दात चहूबाजूंनी घासावे लागतात. ते दात अगदी निरोगी असतील, तर एका दातासाठी दोन धडके दात घासणं मला पटत नाही. तिथे इम्प्लांट बरा. पण त्याच दोन दातांवर आधीच मोठं फिलिंग असेल, रूट कॅनाल झालेलं असेल आणि कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा शहाणपणाचा निर्णय आहे. काढघालीची कवळी स्वस्तात आणि शस्त्रक्रियेशिवाय होते, पण चावण्याची ताकद कमी मिळते.

आणि काही वेळा काहीच न करणं योग्य असतं. सगळ्यात मागची दाढ गेली, समोरची जोडीदार दाढही नाही आणि खाण्यात अडचण येत नाही, अशी माणसं मी परत पाठवतो.

४. दात काढून बरीच वर्षं झाली. आता म्हणतात हाड कमी झालंय. दात गेला तर हाड का जातं?

कारण ते हाड दातासाठीच होतं. मुळाला धरणाऱ्या हाडाच्या आतल्या कडेला रक्त आणि काम, दोन्ही त्या तंतूंच्या गादीतून मिळतं. दात निघाला की दोन्ही थांबतं आणि शरीर ते हाड विरघळवायला लागतं. ओठाच्या आणि गालाच्या बाजूची भिंत आधी जाते, कारण ती मुळातच पातळ असते. पुढच्या दातांवर तर ती कित्येकदा १ मिलिमीटरही नसते. पहिल्या वर्षभरात हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या ३ महिन्यांतच होते. म्हणून दात काढायच्या आधी पुढचा विचार केलेला बरा (प्रश्न ९).

५. ओपीजी एक्स-रेमध्ये हाड भरपूर दिसतंय. मग वर आणखी स्कॅन कशाला?

ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, हे सपाट चित्र आहे. त्यात उंची दिसते, जाडी दिसत नाही. समोरून उंच दिसणारी भिंत वरून पाहिली तर सुरीच्या पात्याएवढी निघू शकते. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये जाडी मोजता येते. खालच्या जबड्यातून ओठाची नस जाते, तिचा मार्गही नेमका दिसतो. त्या नसेपासून किमान २ मिलिमीटर अंतर राखायचं असतं. सगळ्यांना हा स्कॅन लागतोच असं नाही. पण खालच्या दाढा, वरच्या दाढा किंवा हाड भरण्याची शक्यता असेल, तर त्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

६. बोन ग्राफ्ट करायचं म्हणजे माझं हाड दुसरीकडून कापून आणणार का?

बहुतेक वेळा नाही. ग्राफ्ट म्हणजे हाड कमी असेल तिथे घातलेली भर. तिचे चार मार्ग आहेत : स्वतःचं हाड, दात्याचं प्रक्रिया केलेलं हाड, प्राण्याच्या हाडापासून केलेले दाणे, आणि प्रयोगशाळेत बनवलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे दाणे. बरेच जण समजतात की भरलेला माल तसाच हाड म्हणून राहतो. तसं नाही. ग्राफ्ट ही परांची असते. तिच्या आधाराने तुमच्याच रक्तवाहिन्या आत शिरतात, पेशी येतात, आणि हाड तुमचं शरीर घालतं. काही प्रकारचे दाणे हळूहळू विरघळून जातात. गाईगुरांच्या हाडापासून केलेले दाणे वर्षानुवर्षं आत राहतात आणि नवं हाड त्यांच्या भोवती भरतं. त्यात काही बिघाड नाही, उलट भरलेला आकार टिकतो.

स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, हा त्याचा मोठा गुण. थोडंसं लागत असेल तर ते त्याच शस्त्रक्रियेत शेजारून खरवडून मिळतं. मोठा तुकडा हवा असेल तर हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागच्या भागातून घेतात. कमरेच्या हाडाची वेळ फारच मोठ्या झिजेत येते. अशा वेळी जखमा दोन होतात, आणि दुसरी जखम कधीकधी पहिलीपेक्षा जास्त दुखते. हे आधीच ऐकलेलं असलं की त्रास निम्मा होतो.

७. प्राण्याच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या हाडापासून केलेलं मला नको आहे. चालेल का?

चालेल. फक्त हे शस्त्रक्रियेच्या आधी सांगा. ग्राफ्ट आणि त्यावर झाकायचा पडदा (तो कशासाठी, ते प्रश्न ८ मध्ये), दोन्ही कशापासून बनलेत हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पडद्याचं विचारायचं राहून जातं, आणि तो पुष्कळदा प्राण्याच्या कोलॅजनचा असतो. तुमचं स्वतःचं हाड आणि कृत्रिम दाणे हे पर्याय आहेत, पडदाही कृत्रिम मिळतो.

८. ग्राफ्ट केल्यावर वाळूसारखे दाणे तोंडात येतायत. सगळं वाहून गेलं का?

पहिल्या काही दिवसांत दोन-चार दाणे सुटले तर घाबरू नका; वरवरचे जास्तीचे दाणे असतात ते. पण रोज येत राहिले, किंवा टाक्यांची फट उघडी दिसली, तर दाखवून घ्या.

यामागचं कारण समजून घ्या. जखमेत एक शर्यत चालू असते. हिरडीच्या पेशी भराभर वाढतात, हाडाच्या पेशी सावकाश. आडकाठी नसेल तर हिरडी आधी आत शिरते आणि हाडाची जागा मांसाने भरून जाते. म्हणून ग्राफ्टवर पडदा ठेवतात आणि त्यावर हिरडी ओढून, ताण न देता शिवतात. तो पडदा लवकर उघडा पडला तर ग्राफ्टला धोका असतो. जिभेने टाके चाचपत बसणं, आरशात पाहायला ओठ ताणून धरणं, या दोन सवयींनी मी चांगली शिवलेली जखम उघडलेली पाहिली आहे.

९. दात काढतानाच खोबण भरून घ्या म्हणतात. खरंच गरज असते का?

पुढे इम्प्लांट करायचाच असेल आणि बाहेरची भिंत पातळ किंवा तुटलेली असेल, तर हो. त्याने झीज पूर्ण थांबत नाही, कमी होते. पण नंतरचं मोठं ग्राफ्ट वाचू शकतं. पुढच्या दातांच्या बाबतीत मी ते आवर्जून सुचवतो, कारण तिथे हाड बसलं की हिरडीही बसते आणि हसताना ती खाच दिसते. मागच्या दाढेची चारही बाजूंची भिंत शाबूत असेल, तर खोबण आपली आपण चांगली भरते. इम्प्लांट करायचाच नसेल, तर खोबण भरून घेण्याची सहसा गरज नसते.

१०. सायनस लिफ्ट करावं लागेल असं सांगितलं. ऐकूनच भीती वाटते. त्यात नेमकं काय करतात?

वरच्या दाढांच्या मुळांच्या वर हवेची एक पोकळी असते, तीच सायनस. दाढा गेल्या की ती पोकळी खाली उतरते आणि खालून हाड झिजतं. दोन्हीकडून चेपत कधीकधी मधे ३-४ मिलिमीटरच हाड उरतं. तेवढ्यात इम्प्लांट बसवला तर त्याचं टोक पोकळीत जाईल. म्हणून सायनसचा तळ उचलून खालच्या जागेत ग्राफ्ट भरतात.

थोडंच उचलायचं असेल तर इम्प्लांटच्या भोकातूनच वरचा तळ अलगद ढकलतात. जास्त लागत असेल तर हिरडी बाजूला करून गालाकडच्या भिंतीत छोटी खिडकी कोरतात. हाड कोरत आत गेलं की एका क्षणी निळसर सावली दिसू लागते. तो सायनसचा पापुद्रा, अंड्याच्या कवचाला आतून चिकटलेल्या पापुद्र्यासारखा. रुग्ण श्वास घेतो तसा तो हलकेच वर-खाली होतो, आणि तसा हलला की आमचा जीव भांड्यात पडतो, कारण तो फाटलेला नाही याची ती खूण आहे. मग बोथट, वाकड्या हत्यारांनी तो हाडापासून कडेकडेने सोडवत वर उचलायचा. इथे घाई चालत नाही.

पापुद्रा फाटला तर? हा या शस्त्रक्रियेतला सगळ्यात नेहमीचा प्रसंग आहे. छोटी फाट कोलॅजनच्या पडद्याने झाकून काम पुढे नेता येतं. मोठी असेल तर जखम बंद करून काही महिन्यांनी पुन्हा करणं हेच बरोबर. तुमच्या डॉक्टरांनी असं थांबून बाहेर येऊन सांगितलं, तर त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी तुमच्या भल्याचंच केलं आहे.

११. सायनस लिफ्टनंतर काय पाळायचं?

पोकळीत दाब निर्माण होईल असं काही करायचं नाही. नाक शिंकरू नका, आलेलं पुसून घ्या. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. स्ट्रॉने पिऊ नका, फुगे फुगवू नका, जड वजन उचलू नका. विमानप्रवास आणि पोहणं कधी सुरू करायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पहिल्या दिवसांत नाकातून थोडं रक्त येऊ शकतं. सर्दी झालेली असताना शस्त्रक्रियेला जाऊच नका. फोन करून तारीख पुढे घ्या.

१२. सगळं मिळून किती महिने जातील? इतका वेळ का लागतो?

हाड पुरेसं असेल, तर इम्प्लांट बसवल्यापासून कॅपपर्यंत साधारण २ ते ४ महिने. ब्रोनेमार्कांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्याला ३ आणि वरच्याला ६ महिने थांबत. इम्प्लांटचा पृष्ठभाग खडबडीत करायला लागल्यापासून हा काळ कमी झाला. हाड आधी भरावं लागलं तर त्याचे ४ ते ६ महिने वेगळे, आणि मोठ्या सायनस लिफ्टचे ६ ते ९. म्हणजे काहींना वर्ष लागतं.

सुरुवातीला इम्प्लांट घट्ट असतो तो फक्त आट्यांच्या पकडीने, लाकडात स्क्रू बसावा तसा. मग शरीर त्या दाबलेल्या हाडाची डागडुजी सुरू करतं : जुनं काढतं, नवं घालतं. या मधल्या काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पकड सगळ्यात सैल असते. आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला काही दुखत नसतं, सूज उतरलेली असते, टाके निघालेले असतात. “आता सगळं ठीक आहे” असं वाटून त्या बाजूने कडक खायला सुरुवात होते ती याच काळात. म्हणून सांगतो, न दुखणं म्हणजे हाड भरणं नव्हे.

१३. काही ठिकाणी “एका दिवसात दात” मिळतात. मग मी महिनोन्‌महिने का थांबू?

यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दात काढला त्याच खोबणीत लगेच इम्प्लांट बसवणं ही एक. इम्प्लांटवर लगेच दात चढवणं ही दुसरी. दोन्ही शक्य आहेत, पण निवडक लोकांमध्ये. दुसऱ्यासाठी इम्प्लांटची सुरुवातीची पकड भक्कम हवी. बसवताना साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर इतका पीळ लागला पाहिजे. त्या दिवशी मिळणारा दात बहुधा तात्पुरता असतो, आणि एकटा असेल तर तो समोरच्या दाताला लागणार नाही असा ठेवतात. म्हणजे दिसायला दात, चावायला नाही. मोठं ग्राफ्ट केलेल्या जागी, किंवा रात्री दात खाणाऱ्या माणसात, मी हा मार्ग घेत नाही.

१४. दुखतं का?

भूल दिल्यावर दुखत नाही. दाब आणि थरथर जाणवते. सगळ्यात जास्त तक्रार असते ती घशाशी जमणाऱ्या पाण्याची. ते पाणी मात्र हवंच : हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट जरी तापलं तरी त्याला इजा होते, म्हणून ड्रिल हळू फिरवत सतत सलाइन सोडतात. एका इम्प्लांटनंतरचं दुखणं बहुतेकांना दात काढल्याइतकं किंवा त्याहून कमी वाटतं. मोठ्या ग्राफ्टनंतर जास्त दिवस जातात.

१५. घरी आल्यावर काय नेहमीचं, आणि कधी फोन करायचा?

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. गालावर निळा-पिवळा डाग पडू शकतो. पहिल्या दिवशी थुंकीत रक्ताची छटा चालते.

चौथ्या दिवसानंतर सूज वाढू लागली, ताप आला, पू किंवा घाण चव आली, किंवा दाबून धरूनही रक्त थांबेना, तर फोन करा. आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा : भूल उतरायची वेळ होऊन गेली तरी खालचा ओठ किंवा हनुवटी बधिरच असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. नसेवर दाब येत असेल तर इम्प्लांट लवकर काढण्याचा किंवा मागे घेण्याचा फायदा होतो. आठवडाभराने तो तितका होत नाही.

१६. मला मधुमेह आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. इम्प्लांट होईल का?

साखर ताब्यात असेल तर होतो. मी तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, पाहतो. ती ७ च्या आसपास असेल तर निश्चिंतपणे पुढे जातो, ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणायला सांगतो. अनियंत्रित साखरेत जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हिरडीतून होणारा रक्तस्राव टाके आणि दाब देऊन थांबवता येतो. हृदयात किंवा मेंदूत झालेली गुठळी अशी आवरता येत नाही. काय करायचं ते तुमच्या फिजिशियनशी बोलून ठरतं. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात नुकताच येऊन गेला असेल, तर निदान ६ महिने ही शस्त्रक्रिया पुढे ढकलणं बरं.

१७. हाडं ठिसूळ झाल्यामुळे गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे. सांगायला हवं का?

हवंच. दंतवैद्याकडे हे सांगायचं असतं हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. आठवड्याला घ्यायची ॲलेंड्रोनेट, वर्षाला सलाइनमधून दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिड, दर ६ महिन्यांचं डेनोसुमॅब, ही औषधं हाडाची मोडतोड कमी करतात. पण इम्प्लांट धरायला हाडाची तीच घडमोड लागते, आणि क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून मरतं.

ठिसूळपणासाठीच्या मात्रेत हा धोका कमी असतो. किती वर्षं औषध चालू आहे आणि सोबत स्टेरॉइड आहे का, हे पाहून निर्णय घेता येतो. कॅन्सरसाठी याच औषधांच्या मोठ्या मात्रा चालू असतील, तर मी इम्प्लांटला नाही म्हणतो. औषध थांबवलंय म्हणून ते सांगायचं टाळू नका. गोळ्यांमधली काही औषधं हाडात वर्षानुवर्षं राहतात. डेनोसुमॅबचं इंजेक्शन तर परस्पर लांबवूच नका, त्याने मणक्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो.

जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.

१८. सिगारेट ओढतो. किती फरक पडतो?

इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. ग्राफ्ट असेल तर धोका आणखी वाढतो. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, आणि प्रश्न ६ मध्ये म्हटलं तसं ग्राफ्टचा सगळा भरवसा रक्तावर आहे. चघळायची तंबाखू आणि व्हेप यांनाही सूट नाही. कायमची सुटली तर उत्तमच. नाहीच जमलं, तर निदान एक आठवडा आधी आणि दोन महिने नंतर पूर्ण बंद ठेवा. जमलं नाही तर लपवू नका. मी रागावणार नाही, बेत बदलेन.

१९. मुलगा १६ वर्षांचा आहे, पुढचा दात पडला. आणि आई ७८ वर्षांची आहे. दोघांचा होईल का?

आईचा बहुधा होईल, मुलाचा आत्ता नको.

वाढत्या वयात जबडा आणि शेजारचे दात खाली-पुढे सरकत राहतात. इम्प्लांटला गादी नाही (प्रश्न २), तो आहे तिथेच राहतो. काही वर्षांत तो दात आखूड आणि आत गेलेला दिसू लागतो, आणि ते दुरुस्त करणं फार अवघड. मुलींची वाढ साधारण १७-१८ पर्यंत आणि मुलांची विशीच्या आसपास थांबते, पण वयापेक्षा वाढ थांबल्याचा पुरावा पाहिला पाहिजे. तोवर मागून चिकटवलेला ब्रिज किंवा काढघालीचा दात छान काम देतो. ही पालकांना सर्वात न आवडणारी सूचना आहे, तरीही थांबा.

वयाला वरची मर्यादा नाही. आईच्या बाबतीत मी दोन गोष्टी विचारेन : औषधं कोणती (प्रश्न १६ आणि १७), आणि हातात ब्रश नीट धरता येतो का.

२०. सगळेच दात गेलेत. बत्तीसच्या बत्तीस इम्प्लांट लागतील का?

मुळीच नाही. खालची कवळी सारखी हलत असेल, तर दोन इम्प्लांट आणि त्यावर टचबटणासारखी बसणारी कवळी एवढ्यानेही खाणं-बोलणं बदलून जातं. २००२ साली मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बिनदाती जबड्यासाठी याच उपायाला पहिली पसंती दिली होती. पक्के, न निघणारे दात हवे असतील तर सहसा एका जबड्याला चार ते सहा इम्प्लांट पुरतात. चारच्या पद्धतीत मागचे दोन तिरके बसवतात. त्यामुळे वर सायनस आणि खाली नस चुकवता येते आणि बऱ्याचदा ग्राफ्ट टळतं.

२१. हाड फारच कमी आहे, ग्राफ्टशिवाय काही मार्ग?

आहेत. मागच्या बाजूला ६ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट, वर सांगितलेले तिरके इम्प्लांट, आणि वरचा जबडा फारच झिजला असेल तर गालफडाच्या हाडात जाऊन पकडणारे लांब इम्प्लांट. हे शेवटचे डोळ्याच्या खोबणीजवळून जातात. ते नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच करून घ्या.

२२. इम्प्लांटचा दात हलतोय. गेला का?

बहुधा नाही. कॅप आणि इम्प्लांट जोडणारा स्क्रू सैल झाला असेल. दात फिरल्यासारखा वाटतो, चावताना टक् असा आवाज येतो, दुखत मात्र नाही, ही त्याची लक्षणं. स्क्रू पुन्हा आवळला की काम झालं. पण तोवर त्या बाजूने चावू नका. सैल स्क्रू वाकतो, तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढणं किचकट काम आहे. घरी गोंद लावून चिकटवण्याचा प्रयत्न तर कधीच नको.

कॅप काढून आम्ही खालच्या भागावर हत्याराच्या दांड्याने हलकेच टकटक करतो. हाडात रुजलेला इम्प्लांट टणक, खणखणीत वाजतो. सुटलेला भद्द वाजतो. इम्प्लांट स्वतःच हलत असेल, तर तो काढावा लागतो (प्रश्न २४).

२३. इम्प्लांट किडत नाही, मग इतकं घासायला का सांगता?

किडत नाही हे खरं. पण त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड तुमचंच आहे. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटला ते नुसते वेढून असतात. त्यामुळे जंतू आत शिरायला वाट सोपी. आधी फक्त हिरडी सुजते आणि ब्रश लागला की रक्त येतं; या टप्प्यावर सफाईने सगळं पूर्ववत होतं. दुर्लक्ष झालं की खाली हाड जायला लागतं, आणि गेलेलं हाड परत मिळवणं कठीण. हे बहुतेकदा दुखत नाही. म्हणून इम्प्लांटभोवती आलेलं रक्त म्हणजे “जोरात घासलं गेलं असेल” असं समजून सोडू नका.

मऊ ब्रश, फटीत जाणारा छोटा ब्रश (तारेवर प्लॅस्टिकचा लेप असलेला), आणि दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी. हिरड्यांच्या रोगामुळेच आधी दात गेले असतील, तर तुम्हाला हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. तपासणी लांबवू नका. कॅप सिमेंटने बसवली असेल तर हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कणही हेच दुखणं उभं करतो.

२४. किती वर्षं टिकतो? आणि निकामी झाला तर पुन्हा बसतो का?

१० वर्षांनंतर शंभरातले ९० ते ९५ इम्प्लांट जागेवर असतात. वरची कॅप त्याआधी झिजू किंवा टवका उडून बदलावी लागू शकते. रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं आवरण) वापराच, कारण इम्प्लांटला जास्त दाब आल्याचं कळत नाही.

निकामी झाला तर काढून, जागा साफ करून, लागल्यास हाड भरून काही महिन्यांनी पुन्हा बसवता येतो. यश पहिल्या वेळेपेक्षा थोडं कमी असतं. पहिला का गेला याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा बसवू देऊ नका.

२५. तारा लावायच्या आहेत. आधी तारा की आधी इम्प्लांट?

आधी तारा. इम्प्लांट सरकत नाही. आधीच बसलेला असेल तर बाकीचे दात हलवण्यासाठी त्याचा खुंटा म्हणून उपयोग होतो, पण तो स्वतः योग्य जागी असायला हवा. याच कारणाने एका बाजूला खरा दात आणि दुसऱ्या बाजूला इम्प्लांट धरून ब्रिज करणं आम्ही टाळतो : एक दबतो, दुसरा दबत नाही.

२६. एमआरआय करता येईल का?

येईल. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. तोंडाजवळच्या चित्रात थोडी सावली येते, म्हणून तंत्रज्ञांना आधी सांगा. चुंबकाने बसणारी कवळी असेल तर ती काढून ठेवा आणि जबड्यात चुंबकाचे जोड आहेत हेही कळवा.

२७. काम एका डॉक्टरांकडे झालं, आता दुसरीकडे राहायला जातोय. काय मागून घेऊ?

इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर किंवा त्याचं कार्ड. त्यावर कंपनी, प्रकार, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. दर कंपनीचा स्क्रू आणि तो फिरवायचा पाना वेगळा. ही माहिती नसेल तर साधा सैल स्क्रू आवळायलाही नव्या डॉक्टरांना अंदाज बांधत बसावं लागतं. कॅप स्क्रूची आहे की सिमेंटची, आणि ग्राफ्ट कोणतं वापरलं, हे एका ओळीत लिहून घ्या. कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रेही घ्या. पुढे कधी हाड उतरतंय अशी शंका आली, तर तुलना त्याच एक्स-रेशी करावी लागते.